सिद्रामप्पांचा अंधार

दुपारी बाराच्या उन्हात एक उंच म्हातारा आमच्या दारात उभा राहिला. पायताण काढलं, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि म्हणाला, "अंधार बघायला आलोय."

उंबऱ्यात माझ्या सासूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी सुपातून मानही वर केली नाही. "हितं काय अंधार-बिंधार न्हाय. म्होरल्या घरात इचारा," म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

"म्होरल्या घरात बी इचारलं असतं की अक्का, पर बोलवणं ह्या घरचं हाय," असं म्हणून म्हातारा खालच्या पायरीवर बसला. अक्का म्हणजे थोरली बहीण. तो आत्याबाईंपेक्षा चांगला दहा वर्षांनी मोठा होता, तरी त्यानं हा मान देऊन टाकला. आत्याबाईंचा हात सुपात क्षणभर थांबला. ही सिद्रामप्पांची आणि आमच्या घराची पहिली गाठ.

बोलवणं खरंच आमच्या घरचं होतं. आमचे हे गिरणीत पहिल्या पाळीला होते. कुणीतरी त्यांना सांगितलं, की खिडकीला असा पडदा करून देणारा एक म्हातारा आहे, की भर दुपारी कंदील लावावा लागतो. ह्यांनी निरोप धाडला आणि घरी सांगायचं विसरले. ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं.

पडद्याची गरज मला होती. मी तेव्हा दवाखान्यात नर्स होते आणि नाईट ड्यूटीचा फेरा एकदा लागला की महिनोन्‌महिने सुटत नसे. सकाळी नऊच्या सुमाराला अंथरुणाला पाठ लावायची आणि डोळ्यावर ऊन घेऊन पडायचं. शुक्रवार पेठेतली आमची माडीवरची खोली, तिला बोळाकडे एकच खिडकी, पण ती दाराएवढी. झडपा लावल्या तर खोलीची भट्टी व्हायची, उघड्या ठेवल्या तर सोलापूरचं ऊन थेट पापण्यांवर. बरं, झडपांच्या फटीही अशा, की बंद केल्या तरी भिंतीवर उजेडाच्या पट्ट्या ओढल्यासारख्या दिसायच्या. लढाईच्या वेळी ब्लॅकआउटसाठी पुण्याला नणंदेकडे काचांना काळे कागद लावले होते, त्यातले उरलेले मागवून मी चिकटवून पाहिले. आठ दिवसांत ते पापडासारखे वळले.

झोप नाही म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. ड्यूटीवर टेबलाशी बसल्या बसल्या माझा डोळा लागला आणि नेमक्या मेट्रनबाई राउंडला आल्या. पेशंटला काही झालं नव्हतं, हे माझं नशीब. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "पुन्हा असं दिसलं, तर मी वर लिहिणार." वर लिहिलं की नोकरी गेली. आत्याबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग सोड की. घरात बसून काय उपाशी मरतीस व्हय?" उपाशी मेले नसते. पण ती नोकरी मला जिवापाड प्यारी होती. पांढरी साडी नेसून वॉर्डात शिरले की मी कुणीतरी असे. हे आत्याबाईंना समजावणं मला कधी जमलं नाही, तेव्हा तर नाहीच नाही.

तर सिद्रामप्पा माडीवर आले. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गुडघ्याच्या खाली आलेलं धोतर आणि डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. झडपा त्यांनी स्वतः लावल्या, दार लावून घेतलं आणि आम्हा दोघींना बाहेर जिन्यावर बसवलं. अर्धा तास आतून नुसता आवाज येत होता. "हा एक. हा दुसरा. आता रं, तू कुटनं आलास?" आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, की वेड्याला घरात घेतलंय आणि ते माझ्यामुळे.

दार उघडलं तेव्हा भिंतीवर, चौकटीवर खडूच्या अकरा खुणा होत्या. उजेड जिथून जिथून आत येत होता, तिथं तिथं एकेक फुली. एक तर कौलाच्या खाली, वाशाच्या आडोशाला होती. त्या खोलीत मी तीन वर्षं निजत होते, पण ती फट मला ठाऊक नव्हती.

"मापं घ्यायच्या आधी उजेड मोजायचा," ते म्हणाले. "लोक खिडकी मोजत्यात. खिडकीचा काय दोष?"

माप घ्यायची त्यांची रीतही न्यारी. टेप त्यांच्या पिशवीत असे, पण तो बाहेर निघत नसे. ते सुतळी लावत. रुंदीला एक गाठ, उंचीला दुसरी, कुठे चौकट तिरकी असेल तर तिथे छोटीशी तिसरी. ती सुतळी गुंडाळून कागदात बांधायची आणि त्यावर घरवाल्याचं नाव. "अर्ध्या पेठेच्या खिडक्या माज्या घरी खुंटीला हायत," असं ते अगदी सावकाराच्या थाटात सांगायचे. पुढे एकदा ह्यांनी त्यांचं घर पाहिलं. खुंटी खरंच सुतळ्यांनी भरली होती. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या खिडकीला साधं फडकंही नव्हतं.

त्यांची सगळी उमर एका फिरत्या नाटक कंपनीत गेली होती. काम पडदा ओढायचं. नाटक कंपनीचा पडदा असा, की खाली बांबू, बांबूला कापड आणि दोन्ही टोकांना दोऱ्या. दोऱ्या ओढल्या की बांबू स्वतःभोवती गिरक्या घेत, कापड गुंडाळत वर जातो. कंपनी मोडली तेव्हा नटांनी मुकुट नेले, मालकानं पेट्या नेल्या, सिद्रामप्पांनी ही युक्ती तेवढी उचलून आणली आणि सोलापुरात खिडक्यांना लावली. डावा खांदा खाली आला तो दोरीनं. उभ्या आयुष्यात आपला पडदा एकदाच वेळेआधी पडला, असं ते सांगत. एका गावात राजाच्या मरणाला वन्स मोअर मिळाला. राजा उठला, पुन्हा मेला. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा मेला. तरी लोक ओरडले तेव्हा राजा हसत उठायला लागला आणि सिद्रामप्पांनी दोरी सोडली. "मालक दोन दिस बोलला न्हाय माज्याशी. पर मी म्हणलं, मरणाचा काय तमाशा लावलाय? रानी बिचारी रडून रडून दमली हुती."

मला ते तंगी म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जरा चपापलेच. मग आत्याबाईंनी सांगितलं, की कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. आत्याबाई अक्कलकोटकडच्या, त्यांना कानडी माहेरचं. त्यांचा विरोध होता पडद्याला, कानडीला नव्हता. एकदा दोघं कानडीत सुरू झाली की मी आणि हे पाहुण्यासारखे बसून राहायचो.

कापड निवडायचा रविवार मला लख्ख आठवतो. सिद्रामप्पा सहा तऱ्हेची कापडं घेऊन आले. काही जाड मांजरपाट, काही गिरणीतलं डाग पडलेलं कापड, एक तंबूचं. ह्यांना त्यांनी गॅलरीत उन्हात उभं केलं, डोक्यावरून एक कापड टाकलं आणि समोर बोटं धरली.

"किती?"

"तीन," हे आतून म्हणाले.

कापड बाद. दुसरं टाकलं. "दोन. आणि तुमच्या बोटात अंगठी आहे." तेही बाद. चौथ्या कापडाला हे म्हणाले, "बोटं दिसत नाहीत, पण समोरच्या गच्चीवरच्या वहिनी पापड घालतायत वाटतं." आत्याबाई आतून कडाडल्या, "त्ये कापड आधी भाईर फेका!" सगळी पेठ आमच्या गॅलरीकडे बघत होती. पाचव्यालाही काही सावल्या दिसल्या. सहावं पडलं तेव्हा आतून बराच वेळ उत्तरच आलं नाही. शेवटी हे म्हणाले, "मी आहे का अजून?" ते कापड पास झालं.

पण खरी अडचण कापडाची नव्हतीच. ती उंबऱ्यात ज्वारी निवडत बसली होती.

"दिवसाढवळ्या घरात काळोख करायचा?" आत्याबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. "खिडक्या झाकून मयताच्या घरात बसत्यात, ठावं हाय ना? आन् लढाई तर कवाच संपली." त्यांच्या समजुतीप्रमाणे बंद खिडकीवरून लक्ष्मी परत जाते. त्यात काळं कापड. सुनेच्या झोपेपायी घरातली लक्ष्मी घालवायची का, असा तो सरळ प्रश्न होता. मला राग आला, पण त्यांची भीती खोटी नव्हती. ती त्यांच्यापुरती पक्की खरी होती.

तरी पहिला पडदा लागला. सिद्रामप्पांनी कंपनीच्या पडद्याला रंग देतात तसा, सरसात काजळी कालवून, त्या जाड कापडाला काळाभोर हात दिला होता. कौलाखालच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. वर गुंडाळी आत बसेल अशी लाकडाची टोपी, दोन्ही बाजूंना पट्ट्या, आणि खाली पडदा चौकटीच्याही एक वीत खाली. झडपा उघड्या. मी म्हटलं, वारा कुठून येणार? ते म्हणाले, "खालनं. वारा वाकून येतो तंगी. उजेडाला वाकता येत न्हाय."

आणि खरंच, पडदा खाली आला आणि खोलीतून दिवस निघून गेला. बाहेर रिक्षा वाजत होत्या, भोंगा झाला, गार नाही पण वारा येत होता, आणि मी दीड महिन्यात पहिल्यांदा मेल्यासारखी झोपले. उठले ती थेट साडेपाचला. घाईघाईत खिडकीजवळ वाळत घातलेली साडी ओढून नेसले आणि ड्यूटीवर गेले.

मेट्रनबाईंनी मला खालीवर पाहिलं. "सिस्टर, दवाखान्यात आलात की कोळशाच्या वखारीत?"

पाठीमागून खांद्यापासून टाचांपर्यंत मी काळी होते. नाटकाचा पडदा प्रयोगाला एकदा वर जातो, एकदा खाली येतो, आणि त्याच्याजवळ कुणी ओल्या साड्या वाळत टाकत नाही. घरात ते सगळं होतं. सरस ओलाव्यानं सुटला होता, बांबू फिरला तशी काजळी झडली होती. मेट्रनबाई एवढंच म्हणाल्या, की आता स्वच्छतेबद्दलही लिहावं लागेल की काय. मी झोप मिळवली आणि नोकरी घालवायला निघाले.

घरी आत्याबाईंनी साडी पाहिली. त्यांनी पडदा वर केला, दोरी खिळ्याला घट्ट बांधली, आणि तीन दिवस मी पुन्हा उन्हात डोळे मिटून पडून राहिले.

चौथ्या दिवशी सिद्रामप्पा आले. साडी मागून घेतली. मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी ती खालच्या नळावर नेली, रिठे भिजवले आणि सगळ्या बायकांच्या देखत स्वतः घासायला बसले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. "हसा की," ते म्हणाले, "कंपनीत रानीचं शालू म्याच धुयाचो. ह्यो तर साधा दवाखान्याचा." साडी पांढरी झाल्यावरच उठले. मग माडीवर येऊन पडदा उतरवला आणि हात जोडून म्हणाले, "चूक झाली, तंगी. मी थेटराचा पडदा घरात आणला. घरात मानसं ऱ्हात्यात ह्ये ध्यानात न्हाय आलं." माणूस एवढं साधं बोलला की रागावणाऱ्याची पंचाईत होते. माझी झाली.

दुसरा पडदा त्यांनी पुरणपोळीसारखा केला. काळं कापड मधे, दोन्ही बाजूंना पांढरं, कडा शिवून बंद. काळं कुठं दिसणार नाही, कुठं लागणार नाही. तो घेऊन ते आले तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ आत्याबाईंसमोर बसले.

"अक्का, पडदा एका हाताचा असतो."

"म्हंजी?"

"कंपनीत रीत हाय. एका पडद्याची दोरी एकच मानूस वडणार. राजा आला, मालक आला, तरी दोरीला हात लावायचा न्हाय. धा हात लागले की पडदा तिरका जातो. ह्यो पडदा मी तुमच्या हाताचा केलाय."

आत्याबाई म्हणाल्या, "मला नगं बाई. लक्ष्मीच्या तोंडावर कापड टाकनार न्हाय मी."

"लक्ष्मी कवा येती?"

"तिन्हीसांजंला."

"मग तिन्हीसांजंच्या आधी वर घ्या की. तंगीच्या हातात दिला तर ती झोपंत इसरल. तुमी इसरनार न्हाय." आणि मग खालच्या आवाजात कानडीत बराच वेळ काहीतरी. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. आत्याबाई एकदा माझ्याकडे पाहून थांबल्या, एकदा नाक ओढलं, आणि उठून खिडकीशी गेल्या. मागाहून मी कितीदा विचारलं, ते काय बोलले. "त्ये आमचं माहेरचं हुतं," एवढंच उत्तर मिळालं.

दोरी ओढायची शिकवणी चांगली तासभर चालली. दोन्ही दोऱ्या एका मुठीत कशा धरायच्या, श्वास सोडता सोडता कसं ओढायचं, शेवटच्या हातभर अंतराला हात कसा सैल करायचा. "झटका न्हाय, अक्का. बाळाला पाळण्यात ठेवतो तसं." आत्याबाईंच्या कपाळावर घाम आला होता, पण दुसरं कुणी दोरीला हात लावतंय का, याकडे एक डोळा होता.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवं खातं निघालं आणि आत्याबाई त्याच्या मुख्य झाल्या. सकाळी मी आले, भाकरी खाल्ली, की त्या माडीवर यायच्या. "झोप," म्हणायच्या आणि पडदा सोडायच्या. बोळात कुणी पोरं ओरडली की खालून त्यांचा आवाज यायचा, "गप बसा की, माझी सून ड्यूटी करून आलीय!" माझ्या नोकरीचा त्यांनी चारचौघांत केलेला तो पहिला उल्लेख. मी अंधारात पडून तो ऐकला आणि मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी उलट झोपच येईना. एकदा ह्यांनी सहज दोरीला हात लावला, तर "तुजं काय काम हाय तितं?" म्हणून पोटच्या पोराला असं झापलं, की ते आठवडाभर खिडकीकडे फिरकले नाहीत. मेट्रनबाईंनी वर काही लिहिलं नाही. वर्षभरानं त्यांनीच मला वॉर्डाची जबाबदारी दिली.

सिद्रामप्पा अधूनमधून येत. दोरीला मेण लावायचं निमित्त. खरं म्हणजे आत्याबाईंच्या हातची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणि दोघांचं कानडी. पडद्याचे पैसे देऊन झाले होते, चटणीचा हिशोब कुणी ठेवला नाही. आत्याबाईंना ते कधी चांगलं म्हणाले नाहीत. बांबू डावीकडे एक सूत खाली येतो, असं मात्र दर वेळी सांगायचे.

त्यानंतर चारेक वर्षांनी एका उन्हाळ्यात मला पुन्हा रात्रपाळी होती. संध्याकाळी पडदा वर जायला लागला तशी मला जाग आली. आत्याबाई दोरी ओढत होत्या आणि त्यांचे डोळे भरलेले होते.

"सिद्रामप्पा आलते," त्या म्हणाल्या. "विजापूरला लेकीकडं निगालेत. कायमचं. दोन तास पायरीवर बसलं."

"मला उठवलं का नाही?"

"आदी म्याच म्हणलं, हळू बोला, सून झोपलीय. मग त्यांनी सांगितलं, जातोय म्हनून. मी उठले तुला हाक मारायला, तर हाताला धरून खाली बसीवलं मला. म्हणालं, 'तिला झोप लागावी म्हनून दोनदा पडदा केला, अक्का. आता मीच उठवू व्हय?' मी म्हणलं, मग पडदा तरी जरा आदी वर घेते. तर म्हणालं, 'टायमाच्या आदी न्हाय.' एस.टी.चा टाइम झाला, गेलं. आत्ताच गेलं बघ."

मी तशीच खिडकीकडे धावले. बोळाच्या टोकाला, पिठाच्या गिरणीपाशी, ते उभे होते. पिशवी पायाशी, डोळ्यांवर हाताची सावली धरून आमच्या खिडकीकडे बघत. बांबू गिरक्या घेत वर चालला होता आणि त्यांची मान त्याच्याबरोबर हळूहळू वर होत होती. तो टोपीत जाऊन बसला, दोन्ही टोकं एका रेषेत, तेव्हा त्यांनी हात वर केला.

तो हात मला होता, आत्याबाईंना होता की त्या बांबूला, हे मला आजही सांगता येणार नाही. आत्याबाईंनी एका मुठीत दोऱ्या तशाच धरून दुसरा हात उंच केला. मीही केला. मग त्यांनी पिशवी उचलली, रुमाल सारखा केला आणि ते स्टँडच्या रस्त्याला वळले. मी आरशासमोर केस विंचरायला बसले. रडू आवरत नव्हतं, पण झोप पुरी झाली होती.